भात्याचा हात

१

“काका, तुमचा डावा हात काय करून राह्यला?” अनमनं विचारलं.

मी खाली पाहिलं. उजव्या हाताची बोटं जिथे असायला हवीत तिथे, पट्ट्यांवर होती. डावा हात मात्र पियानोच्या मागे गेला होता आणि तिथे हवेत पुढेमागे होत होता. चार बोटं सरळ, अंगठा वर, पेटीचा भाता ओढतात तसा. मागे भाता नव्हता. भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर होतं.

“सवय हाय, पोरी. साऱ्या उमरीची सवय हाय.”

“पियानोले हवा नाई लागत, काका. लाईट लागते.”

“लाईटचं तू मले नको शिकवू,” मी म्हणालो. माझी सगळी नोकरी वीज मंडळात वायरमन म्हणून गेली. मंगरूळपीर तालुक्यातला कुठला खांब कुठे वाकला आहे ते मला अजून पाठ आहे. अनम हसली, मग मीही हसलो.

अनम ही शेजारच्या कमरुन्निसाभाभींची मुलगी. अकोल्याला संगीत शिकून आली आणि आता इथल्याच एका शाळेत लहान पोरांना पियानो शिकवते. ती ज्याला पियानो म्हणते तो खरं तर विजेवर चालणारा, टेबलाएवढा कीबोर्ड. माझी नात वैभवी पुण्याहून सुट्टीत येताना घेऊन आली, दोन दिवस वाजवला, कंटाळली आणि इथेच टाकून गेली. आमच्याकडे असल्या वाद्याला सगळे कॅसिओच म्हणतात, पण अनमसमोर तसं म्हणायची सोय नाही. तिनं पट्ट्यांवर सा, रे, ग लिहिलेले कागद चिकटवले आणि बालवाडीच्या पोरांसाठी स्वतः बसवलेली पाच सुरांची सोपी गाणी मला शिकवायला घेतली.

उजव्या हाताला ती लगेच जमली. अडचण डाव्याची होती. पियानोत डाव्या हातानं खालचे तीन सूर एकदम धरायचे असतात, आणि माझ्या डाव्या हाताची सुरांशी ओळखच नव्हती. आसेगावच्या भजनी मंडळात मी पेटीवर बसायचो. फुलचंदबुवांनी शिकवलं. त्यांची एकच ताकीद असे: गाणारा थांबो, टाळ थांबोत, पेटीवाल्यानं भाता थांबवायचा नाही. दोन अभंगांच्या मध्ये बुवा पान लावायचे, कोणी खोकायचं, चहा फिरायचा. तेव्हाही षड्जाची पट्टी दबून राहावी म्हणून तिच्यात काडी खोचलेली असायची आणि माझा डावा हात चालू असायचा. सूर पडला की मंडळी उठायला लागतात, असं ते म्हणायचे. त्यामुळे हा हात मला न विचारता चालायला शिकला.

पियानोचा सूर तर आणखीच वेगळा. पेटीचा सूर भाता चालेल तोवर राहतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. ते मला बघवत नसे, ऐकवत नसे म्हणा. सूर विझू लागला की डावा हात आपला आपण मागे जाई आणि त्याला वारा घालू लागे.

“रियाज करा, काका. हाताले समजावा,” अनम म्हणाली आणि शाळेत गेली.

२

हे सगळं गोमतीसाठी चाललं होतं. गोमती म्हणजे माझी बायको. तिची फुप्फुसं आकसत चालली आहेत असं वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती पुन्हा पसरणार नाहीत, आहेत तेवढी जपा, असंही सांगितलं. धूर नको, धूळ नको, चढउतार नको. घरी ऑक्सिजनचं मशीन आणून ठेवलं.

पेटी घरातून गेली ती तिच्यामुळेच. “थो भाता आयकला का मले माह्यीच छाती आठोते,” ती एकदा म्हणाली. त्याच आठवड्यात मी पेटी मंडळाला देऊन टाकली. मग घरात गाणं राहिलं नाही. तिला करमेना आणि मला त्याहून करमेना. वैभवीच्या कीबोर्डवरची धूळ मी पुसली तेव्हा गोमतीनं विचारलं, “याले भाता नाई ना?”

“नाई.”

“मंग शिका. मले एक गाणं दोन्ही हातानं वाजोन दाखवा. तोवर मी हाय.”

ती हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही भांडलोही पुष्कळ, पण तिच्याशिवायचं घर मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. ती जगावी एवढंच मला हवं होतं. बाकी सगळं कमीजास्त झालं तरी चालणार होतं.

घर आमचं लहान. बाहेरची खोली, तिच्यामागे गोमतीची खोली, मग स्वयंपाकघर. गोमतीच्या खोलीला दार आहे पण ते पावसाळ्यात फुगलं ते फुगलंच, म्हणून पडदा लावलेला. पियानोसमोर बसलो की पडदा माझ्या पाठीशी येई. थंडीचे दिवस होते, पंखे बंद. दुपारी कॉलनीत कुत्रंही भुंकत नाही. मशीनच्या घूं आवाजानं झोप येत नाही म्हणून दुपारची तेवढी गोमती ते बंद करायला लावी. मग तिचा श्वास मला बाहेर ऐकू येई. घासत आत जाई, मध्ये अडे, घासत बाहेर येई.

एका दुपारी मी अनमचं पहिलं गाणं उजव्या हातानं वाजवलं. शेवटचा सूर विझायला लागला आणि डावा हात मागे गेला. मी हात ओढला तेव्हा आतून श्वास घेतल्याचा आवाज आला. हात सोडला तेव्हा श्वास सुटल्याचा. पुन्हा ओढला, पुन्हा घेतला. असं बराच वेळ चाललं आणि मग माझ्या लक्षात आलं.

मी घाबरलो नाही. वायरमननं आधी कारण शोधायचं असतं, आणि कारण तर समोरच होतं. रात्रंदिवस माझा कान तिच्या श्वासावर. कानाला जो ठेका पडला तोच हातानं धरला असणार. हात तिच्या श्वासामागे जात होता, यात नवल काय? मला ते पटलं आणि मी चहा टाकायला उठलो.

३

दुसऱ्या दुपारी मात्र माझ्यानं राहवलं नाही. ती झोपल्यावर मी डावा हात मागे नेला, ठेका जुळू दिला आणि मध्येच थांबवला.

आतला श्वास थांबला.

मी वाट पाहिली. रस्त्यावरून सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज वळणापर्यंत जाऊन संपला. आत काहीच नव्हतं. मी हात ओढला. आत श्वास घेतला गेला, लांब आणि खोल. भजनाच्या सुरुवातीला बुवा आलाप लावायचे तेव्हा मी भाता जसा सावकाश ओढायचो, तसा मग मी हात चालवला. आतला श्वास तसाच सावकाश चालू लागला. घासणं कमी झालं. थोड्या वेळानं ते पार थांबलं.

मी उठून पडदा बाजूला केला. गोमती भिंतीकडे तोंड करून एका कुशीवर झोपली होती. वाकून पाहिलं तर ओठांवरचा काळसर रंग गेला होता.

संध्याकाळी ती म्हणाली, “आज छाती हलकी वाटून राह्यली.”

त्यानंतर रोज दुपारी मी पियानोसमोर बसू लागलो. उजव्या हाताला सोपी गाणी, डाव्या हाताला भाता. गोमती आधी खोलीतल्या खोलीत चालू लागली, मग ओट्यापर्यंत. एक दिवस मी बाजारातून आलो तर ती स्वयंपाकघरात उभी राहून सोल्याची भाजी करत होती. तुरीच्या ओल्या दाण्यांचा तो वास किती महिन्यांनी घरात आला होता. मी तिथेच उंबऱ्यात बसलो आणि रडलो.

“काहून रडता? मी हाय ना,” ती म्हणाली.

कमरुन्निसाभाभींना वाटलं दर्ग्यात मागितलेली दुआ लागली. मी हो म्हणालो. खरं काय ते कोणाला सांगणार? कुठली तार कुठे जोडली गेली आहे ते मला माहीत नव्हतं. पण दिवा लागला होता, आणि लागलेल्या दिव्याच्या तारेला मी हात लावणार नव्हतो.

४

अनमला मात्र माझा राग येऊ लागला.

“काका, उजव्या हाताची पाच गाणी झाली. डावा हात तिथंच हाय. तुमी जाणूनबुजून करून राह्यले का?”

“वय झालं, पोरी.”

“वयाचं नका सांगू. माह्या शाळेतले पिल्लं शिकतात.” ती माझ्या डावीकडे स्टूल ओढून बसली, माझं मनगट धरलं, बोटं एकेक करून तीन पट्ट्यांवर ठेवली आणि वरून स्वतःचा तळवा दाबला. “आता वाजवा. मी हात सोडणार नाई.”

गोमती नुकतीच आमच्यासोबत चहा घेऊन आत पडली होती. मी नाही म्हणायला हवं होतं. पण काय कारण सांगणार होतो? मी वाजवू लागलो. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. खालचे तीन सूर मिळाले तसं ते बालवाडीचं गाणं एकदम मोठं झालं, खोली भरून गेली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. आपण हे वाजवतो आहोत यावर माझा विश्वास बसेना. तिसऱ्या ओळीत माझा कान मागे गेला. पडद्याआड काहीच नव्हतं.

मी हात हिसकावला. कीबोर्ड स्टँडवरून घसरला, अनमनं तो धरला. मी आत धावलो. गोमती खाटेच्या काठावर बसली होती. डोळे उघडे, ओठ जांभळाच्या रंगाचे, आणि एक हात मागे गादीवर काहीतरी चाचपत होता. माझा डावा हात तोपर्यंत चालू झाला होता. हळूहळू तिच्या छातीत वारा शिरला.

“आडात उतरल्यावानी झालं,” ती म्हणाली. “खाली खाली.”

अनम पडदा धरून उभी होती. तिनं आधी काकूकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. हात हवेत पुढेमागे होत होता. मी तो पाठीमागे लपवला, पण लपवूनही तो थांबला नाही.

“मशीन लावू का, काका?” तिनं हळूच विचारलं.

“लाव.”

तिनं पिन लावली आणि नळी काकूच्या नाकाशी धरली. नंतर काही दिवस ती शिकवायला आली नाही. शाळेत गॅदरिंग असल्याचा निरोप भाभींनी दिला.

५

तपासणीची तारीख आली तेव्हा भाभी म्हणाल्या की आम्ही दोघी जीपनं वाशिमला जाऊन येतो. ऑक्सिजनच्या मशीनची सर्व्हिसिंग करणारा माणूस त्याच दिवशी येणार होता, म्हणून मी घरी थांबलो. गोमती नवी शाल पांघरून, स्वतःच्या पायांनी जीपमध्ये चढली. खिडकीतून तिनं मला हात केला.

घर रिकामं झालं तसं मला एकदम मोकळं वाटलं. आज डाव्या हातानं काहीही केलं तरी कोणाचं काही अडणार नव्हतं. मी पियानोसमोर बसलो, तीन बोटं तीन पट्ट्यांवर ठेवली आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन्ही हातांनी वाजवलं. दोन ठिकाणी चुकलो. तरी पूर्ण वाजवलं. गोमती असती तर तिला किती बरं वाटलं असतं असा विचार करत मी शेवटचा सूर धरून ठेवला. तो विझायला लागला. डावा हात उठून मागे गेला आणि त्यानं ओढलं.

आतल्या खोलीत कोणीतरी श्वास घेतला.

हात सुटला. श्वास सुटला.

मी कारण शोधू लागलो. मशीन? त्याची पिन मी सकाळीच काढून ठेवली होती. मांजर? मांजर एवढा श्वास घेत नाही. खिडकी बंद होती. पडद्याकडे वळून पाहिलं तर तो माझ्या हाताबरोबर आत ओढला जात होता, अगदी थोडा, बोटभर, आणि परत येत होता. मी हात दुसऱ्या काखेत दाबून धरला. पडदा स्थिर झाला. आता मी हलत नव्हतो, हातही हलत नव्हता, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हा आतून एक श्वास आला. तो माझ्या हातानं आला नव्हता. आखूड होता, अर्ध्यात तुटला. नवं शिकणारं पोर एक पट्टी दाबून बघतं आणि घाबरून सोडून देतं, तसा.

मी चपला न घालता बाहेर ओट्यावर आलो आणि उन्हात बसलो. थोड्या वेळानं मशीनवाला मोटारसायकलवर आला. मी त्याला म्हणालो, जा आत, मशीन खाटेजवळ आहे. मी उठलो नाही. तो आत गेला आणि लगेच पाय न वाजवता बाहेर आला.

“आजी निजल्या हायेत, बाबा,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “झोप नाई मोडत त्याईची. उद्या येतो.”

त्यानं गोधडीचा ढीग पाहिला असेल. गोमती गोधडी घडी न करता तशीच टाकते, लांबून माणूस झोपल्यासारखं दिसतं. मी हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. जीप येईपर्यंत मी घरात पाऊल टाकलं नाही.

६

गोमती खुशीत परत आली. डॉक्टरांनी छातीचा फोटो दोनदा पाहिला म्हणे. फुप्फुसं होती तशीच आहेत, मग ही बाई चालते कशी, असं त्यांनी भाभींना विचारलं.

चहा पिताना मी म्हणालो, “गोमती, दुपारी निजतेस तवा तुले काई आवाज येते का?”

“आवाज कायचा? तुमचं गाणं आयकू येते.” मग ती लाजल्यासारखी हसली. “आन मंग तुमी येऊन माह्या मागं पडता. तुमचा श्वास माह्या मानेले लागते. त्याच्यासंगं मी श्वास घेते. त्यानंच तं बरं वाटून राह्यलं मले. थ्या गोळ्याइनं नाई.”

कप माझ्या हातात होता तो मी खाली ठेवला.

“मी येतो?”

“मंग कोण?” ती म्हणाली. “लग्नाच्या नवीन नवीन तसे पडायचे तसेच. बोलत नाई काई नाई.”

मी दुपारी तिच्या खोलीत कधीच गेलो नव्हतो. मी पियानोसमोर असायचो. हे तिला सांगावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिच्या तोंडावर जे सुख होतं ते पाहून माझ्यानं बोलवेना. मला भीती वाटत होती आणि, लाज वाटते सांगायला, मला मत्सरही वाटला.

दुसऱ्या दिवशी मी तिला बाहेरच्या खोलीत, माझ्या खाटेवर आणलं. ऊन येतं म्हणून सांगितलं. दुपारी ती माझ्या डोळ्यांसमोर झोपली. मी भिंतीला टेकून तिच्या छातीकडे बघत डावा हात चालवू लागलो. तिचा श्वास घासतच राहिला. तो माझ्या हाताबरोबर येईना. पण पडद्यामागे, रिकाम्या खोलीत, श्वास माझ्या हाताबरोबर चालला होता. पूर्वीपेक्षा मोठा होता तो. गोमतीलाही तो ऐकू येत असावा, कारण झोपेत तिनं मान तिकडे वळवली.

मी हात थांबवला, मशीन लावलं, नळी तिच्या नाकाशी ठेवली आणि रात्रभर तिच्याजवळ बसून राहिलो. सकाळी तिला ओट्यापर्यंत जाता येईना. दुपारपर्यंत बोलता येईना. मशीन पूर्णावर ठेवलं तरी बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र टुंटुं करत राहिलं. भाभी म्हणाल्या की अकोल्याला हलवू, त्या फोन करायला घरी गेल्या. गोमतीनं माझा हात धरला.

“मले माह्या खोलीत निजू द्या,” ती एकेक शब्द तोडत म्हणाली.

“इथं मी हाय ना तुह्याजवळ.”

“इथं तुमी नुस्ते बघत बसता,” ती म्हणाली. “तिथं जवळ येता.”

मी पुष्कळ सांगून पाहिलं. ती रडायला लागली आणि रडायलाही तिला वारा पुरेना. ओठ पुन्हा त्या रंगाचे झाले. शेवटी मी तिला उचललं. किती हलकी झाली होती ती. मी तिला आतल्या खाटेवर ठेवलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि काठाकडे सरकली, मागे जागा ठेवून. मी तिच्याजवळ बसणार होतो. माझ्यानं बसवलं नाही. मी पडद्याबाहेर आलो.

७

पियानोसमोर मी बसलो नाही. पडद्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि डावा हात समोर धरला. भर दुपार होती. आतल्या खोलीच्या खिडकीतून ऊन येत असल्यामुळे पडदा उजळलेला होता आणि त्यावरची फुलं स्पष्ट दिसत होती.

मी हात ओढला. आत श्वास घेतला गेला. नीट ऐकलं तर दोन होते. एक मोठा, आणि त्याच्या मागोमाग एक लहान, आईमागून पोरानं चालावं तसा. मी सावकाश चालवत राहिलो. लहान श्वासाचं घासणं कमी होत गेलं. ते ऐकून माझे डोळे भरून आले. मी उजव्या हातानं पडदा धरला आणि बाजूला केला.

गोमती होती तशीच, भिंतीकडे तोंड करून. तिच्यामागे खाटेचा जो अर्धा भाग मोकळा होता तिथे गादी खोल दबली होती. गोधडी तिच्यावरून त्या दबलेल्या जागेवर पसरली होती आणि माझ्या हाताबरोबर वर येत होती, खाली जात होती. गोमतीच्या अंगावरचा भाग थोडा. मागचा भाग पुष्कळ.

गोधडीच्या कडेतून एक हात बाहेर होता आणि तो तिच्या पाठीवर ठेवलेला होता. डावा हात. चार बोटं सरळ, अंगठा वर. तो ओढत होता आणि सोडत होता, आणि तो ओढेल तशी गोमतीची पाठ त्याच्याकडे येत होती. तो हात माझा नव्हता. माझा माझ्यासमोर हवेत होता.

त्याच्यावर कोपर असेल, खांदा असेल, पुढे चेहरा असेल. उशीवर गोधडीचा उंचवटा होता. ती एका टोकाला धरून ओढली असती तर मला सगळं दिसलं असतं. खाट माझ्यापासून फार लांब नव्हती.

मी हात थांबवला.

गोधडी वर आली होती ती वरच राहिली. पाठीवरचा हात थांबला. गोमतीची छाती थांबली. मग उशीवरचा उंचवटा सावकाश वळू लागला, पडद्याकडे, माझ्याकडे. मला वाटलं, आपण आता नुसतं उभं राहायचं. हात खाली सोडायचा आणि काहीही झालं तरी उचलायचा नाही. जे काय आहे ते वाऱ्याविना संपेल. मी तसा उभा राहिलो. भाभी फाटकाशी कोणाला तरी गाडी लवकर आणायला सांगत होत्या. गोमतीचा कान जांभळा होताना मला दिसला, मग मान.

तेवढ्यात ती बोलली. तिच्यात वारा नव्हता, तरी शब्द आले.

“काहून थांबले?”

ते तिनं मला विचारलं नव्हतं. ती मागे हात नेऊन पाठीवरच्या त्या हाताला चाचपत होती, आणि तो सापडल्यावर तिनं तो धरला.

उंचवटा अजून वळत होता. मी डोळे मिटले, हात पुन्हा उचलला आणि भाता सोडतात तसा सोडला. गोधडी खाली गेली, गोमतीचा श्वास सुटला.

मग मी पुन्हा ओढला.